आधी उलटं करून बघा: फ्रेंच फायरप्लेससमोरची सोनेरी जोडी

प्रश्न असा आहे. पॅरिसजवळ राहणाऱ्या एका ताईंनी जुन्या बाजारातून फायरप्लेससमोर ठेवायची एक सोनेरी जोडी, म्हणजे लाकडाचे ओंडके धरणारी दोन 'शने', घेतली. एका बैठकीवर हात शेकत बसलेलं गुटगुटीत बाळ, दुसरीवर अंगाभोवती कापड लपेटून कुडकुडणारं बाळ. उंची साधारण ३० सेंटिमीटर. एकीच्या मागे काळी लोखंडी सळई आहे, दुसरीची गायब. विकणारा म्हणाला, "लुई पंधरावा," म्हणजे त्या फ्रेंच राजाच्या काळची. एका बैठकीच्या बुडाशी ताईंना बारीक 'सी' अक्षर सापडलं, आणि अशा शिक्क्याबद्दल काहीतरी वाचल्यामुळे त्यांची झोप उडाली. विचारतात: ही जोडी खरंच पावणेतीनशे वर्षांची आहे का? वरचं सोनं खरं आहे का? आणि काळवंडलंय तिथे पितांबरी लावून घासलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत ताई बादली भरून बसलेल्या असायच्या. नको. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू-मीठ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. आजीचा तांब्या-पितळेचा हंडा घासला तर खालून पुन्हा पितळच निघतं; इथे खालून पितळ निघालं की खेळ संपला. सोन्याचा थर केसाच्या जाडीपुढे काहीच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. धातूच्या वस्तूंच्या जतन-दुरुस्तीचं काम मी १९ वर्षं करते आहे, त्यातली पहिली काही पॅरिसमधल्या एका कार्यशाळेत गेली. शिकाऊ असताना सरावासाठी मला नक्षीतलं एक सुटं सोनेरी पान दिलं होतं, शनेच्या बैठकीवरून निखळलेलं. मी धातू चमकवायची पेस्ट कापसाच्या बोळ्यावर घेतली आणि घासत बसले. बोळा काळा होत गेला तशी मी खूश, मळ निघतोय म्हणून. पाच मिनिटांत पानाची मधली शीर पिवळीधमक झाली, म्हणजे उघडी पडली. आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी ते पान माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवलं आणि मी तिथे असेपर्यंत ते तिथेच होतं.

आता वस्तूकडे. या जोडीतल्या एकेकाला फ्रेंचमध्ये 'शने' म्हणतात. मूळ शब्द 'शियँ', म्हणजे कुत्रा. शने म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. चूल राखत चार पायांवर बसलेलं जनावर, अशी ती कल्पना. काम साधं आहे: लाकडाचे ओंडके जमिनीपासून वर उचलून धरायचे, म्हणजे खालून हवा लागते आणि जाळ नीट धरतो. हे काम मागची लोखंडी सळई करते. पुढचा सोनेरी भाग ओंडका पुढे घरंगळू देत नाही, इतकंच. बाकी सगळा थाट. स्वयंपाकघरातल्या मोठ्या चुलीपुढे 'लांदिए' नावाची उंच घडीव लोखंडी घोडी असायची. शने ही तिचीच दिवाणखान्यात गेलेली बहीण.

दिवाणखान्यात गेली तेव्हा तिचा आकार बदलला. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे फ्रान्समध्ये फायरप्लेसची चौकट खुजी झाली आणि वर आरसा आला. बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात जाळ आणि त्यासमोरची जोडी, दोन्ही आली. शिवाय इंग्लंडने कोळसा धरला, त्यासाठी जाळीची शेगडी लागते. फ्रान्सच्या दिवाणखान्यांत लाकूडच जळत राहिलं. म्हणून शने हा खास फ्रेंच लाड. जुन्या याद्यांमध्ये या जोडीला नुसतं 'फ' (feu), म्हणजे चक्क 'आग', असं लिहिलेलं सापडतं. सोबत फावडं, चिमटे आणि ते अडकवायला बाजूच्या संगमरवरात बसवलेले वाकडे आकडे. हे आकडे बाजारात कवडीमोलाने मिळतात, कारण विकणाऱ्यालाही ते कशाचे आहेत हे ठाऊक नसतं. दिसले तर घ्या.

तर ताई, जोडी टेबलावर जाड टॉवेल पसरून आडवी करा आणि पाठ बघा. तोंड नंतर. तोंडाने कुणीही फसवतं; एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या नकला इतक्या देखण्या केल्या की मोठमोठे लोक चकले. पाठीवर कुणी मेहनत घेत नाही, म्हणून ती खरं बोलते.

पहिली गोष्ट, किती तुकडे आहेत? अठराव्या शतकातलं चांगलं शने एकसंध ओतलेलं नसतं. बाळ वेगळं, बैठक वेगळी, पानांची माळ वेगळी, पाय वेगळे, असे बरेच तुकडे वाळूच्या साच्यात ओतायचे (पॅरिसच्या ओतकाऱ्यांची आवडती वाळू शहराजवळच्या फोंतने-ओ-रोझची), प्रत्येकावर छिन्नीकाम करायचं आणि मागून स्क्रूने जोडायचे. ते स्क्रू हाताने पाडलेल्या आट्यांचे; एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. म्हणून कारागीर तुकड्यांवर खुणा करून ठेवत: एक खाच, दोन खाचा, एखादं अक्षर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नट षटकोनी आहेत, सगळे एका मापाचे, आटेही यंत्राने पाडल्यासारखे एकसारखे. हे एकोणिसाव्या शतकाचं, तेही उत्तरार्धाचं लक्षण. नट नंतर बदललेले असू शकतात, हे खरं. पण मग जुन्या भोकांवर जबरदस्तीच्या खुणा दिसल्या असत्या. तुमच्याकडे भोकं नीटनेटकी आहेत.

दुसरी गोष्ट, पाठीवर सोनं आहे का? इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळं मुलाम्यावर येऊन ठेपतं.

अठराव्या शतकातला मुलामा पाऱ्याचा. आपल्याकडच्या जुन्या सोनारांना तो परका नव्हता, आणि नेपाळात पाटणचे कारागीर मूर्तींवर तो आजही चढवतात. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा. ढोबळ प्रमाण एक भाग सोनं, आठ भाग पारा. धातू आधी आम्लाने स्वच्छ करायचा, मग पाऱ्याच्या क्षाराचं पाणी लावायचं म्हणजे गोळा नीट धरतो. पितळी तारांच्या कुंचल्याने तो फासायचा आणि वस्तू निखाऱ्यांवर धरायची. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो उडून जातो, सोनं मागे चिकटून राहतं, मळकट मातकट दिसणारं. दाट मुलामा हवा असेल तर हे पुन्हा, कधी तिसऱ्यांदा.

आणि एवढ्यावर काम निम्मंच झालेलं असतं. आता ठरवायचं की कुठे झिलई आणि कुठे मखमल. चकचकीत हवं तिथे अगेट किंवा हेमटाइटचा गुळगुळीत खडा ओला करून दाबून फिरवायचा. मंद, मखमली हवं तिथे मिठं आणि तुरटीचा लेप चढवून तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं; त्या वेळी झिलईचा भाग वाचावा म्हणून त्यावर खडू, साखर आणि डिंक यांचं सारण थापलेलं असतं. साखर! मला या कृतीतला तो घटक अजूनही गमतीचा वाटतो. या मंद मुलाम्याचा बादशहा पिएर गूतिएर (१७३२–१८१३). त्याच्या कामात द्राक्षाचं पान मंद आणि त्याची शीर चमकती असते; मेणबत्तीच्या उजेडात पान हललं की काय असं वाटतं. विजेच्या दिव्याखाली हे कळत नाही, आणि घासून सगळंच चकाकवलं तर कधीच कळणार नाही. पितांबरीला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

पाऱ्याचं सोनं महाग आणि जीवघेणं, म्हणून ते दिसणाऱ्या बाजूलाच लावत. पाठीवर काय असतं? उघडा तपकिरी धातू, कडेवरून ओघळून आलेले सोन्याचे एक-दोन डाग, बस. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि थोड्याच वर्षांत ती रीत पॅरिसमध्ये आली. त्यात वस्तू द्रावणात बुडते, म्हणून पुढे-मागे, खाचाखोचांत, सगळीकडे एकसारखं पातळ सोनं बसतं. ताईंच्या फोटोत बाळाच्या पोकळ पाठीच्या आतही सोनेरी रंग आहे. माझ्या दृष्टीने प्रश्न इथेच मिटला.

यातून उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. पाठीवर सोनं नाही म्हणजे वस्तू जुनी, असं नाही. बर्दले आणि दासों यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या प्रतीच्या पॅरिसच्या कारखान्यांत जुन्या पद्धतीचा मुलामाही होत असे. प्रयोगशाळेत एक्स-रे यंत्राखाली पारा सापडला तर मुलाम्याची रीत कळते, साल कळत नाही. शिवाय तिसरा एक स्वस्त प्रकार होता: सोनं अजिबात नाही, नुसता पितळेचा रंग आम्लाने उजळून वर सोनेरी वार्निश. तोही अठराव्या शतकात सर्रास चालायचा. त्यामुळे अस्सल जुनं शने बिनसोन्याचं असू शकतं आणि सोन्याचं शने नव्या जमान्यातलं.

जीवघेणं म्हणाले ते अलंकार म्हणून नाही. मुलामा देणाऱ्यांचे हात थरथरत, दात पडत, माणसं लवकर जात. आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा स्वतः ब्राँझच्या वस्तूंचा मोठा कारखानदार; १८१४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवून गेला, कारागिरांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय जो शोधेल त्याला. ते बक्षीस रसायनतज्ज्ञ दार्से याला १८१८ मध्ये मिळालं. उपाय होता धुराडं जोराने ओढ घेईल अशी भट्टी, म्हणजे वाफ कारागिराच्या तोंडावर न येता वर जाईल. अशा जोडीसमोर शेकत बसलेल्या किती जणांच्या मनात ते हात आले असतील, मला सांगता येत नाही. तुमच्यासाठी यातली व्यवहाराची गोष्ट एवढीच: जुन्या मुलाम्यात थोडा पारा उरलेला असतो, म्हणून अशा वस्तूवर ब्लोटॉर्च, सोल्डरिंगचा डाग किंवा वेल्डिंग कधीही करू देऊ नका. तुमची जोडी बहुधा विजेच्या मुलाम्याची आहे, तरीही.

एक शब्दाचा घोळ. आपण याला ब्राँझ म्हणतो, फ्रेंचही म्हणतात. पण फ्रेंच मुलाम्याच्या ब्राँझमध्ये तांब्यासोबत बहुतेकदा जस्त भरपूर असतं, कथील आणि शिसं थोडं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कुणाच्या हातात दिलं तर तो बेधडक पितळ म्हणेल, आणि फारसा चुकणार नाही.

आता ते 'सी' अक्षर. ताईंनी वाचलं ते खरं आहे. मार्च १७४५ ते फेब्रुवारी १७४९ या काळात फ्रान्समध्ये तांब्याच्या मिश्रधातूंच्या वस्तूंवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून मुकुट घातलेला 'सी' ठोकत. पण तो अगदी चिमुकला असतो, काही मिलिमीटरचा. त्यावर मुकुट असतोच. आणि तो बरेचदा एकाच वस्तूच्या अनेक सुट्या भागांवर मिळतो. तुमच्या 'सी'वर मुकुट नाही, तो मोठा आहे आणि एकाच बैठकीवर आहे. ती जोडणीची खूण किंवा साच्याचं अक्षर असावं. मुकुटवाला असता तरी मी दोनदा बघितलं असतं, कारण त्याची नक्कल करणं सोपं आहे. आणि अस्सल शिक्क्याचा अर्थही तेवढाच: त्या चार वर्षांत ही वस्तू अस्तित्वात होती आणि विक्रीला आली. ती त्याआधी वीस वर्षं बनलेली असू शकते.

सही का नाही, असंही ताईंनी मागून विचारलं. पॅरिसच्या सुतारांच्या संघाने अठराव्या शतकाच्या मध्यावर खुर्च्या-कपाटांवर नावाचा ठसा सक्तीचा केला होता. ब्राँझवाल्यांवर तशी सक्ती नव्हती. झाक काफिएरीसारखा एखादा आपलं नाव ठळक कोरतो, लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या १७५१ च्या झुंबरावर आहे तसं. पण हजारो शने निनावी आहेत. त्यात १७७६ पर्यंत ओतकारी आणि मुलामेवाले यांचे संघ वेगळे होते आणि एकमेकांच्या कामात हात घालण्यावरून भांडत. एका शनेमागे शिल्पाचा नमुना करणारा, ओतणारा, छिन्नीवाला, मुलामेवाला आणि सगळ्यांकडून करवून घेऊन विकणारा दुकानदार, असे पाच जण असायचे. सही कुणी करायची?

नाव कळतं ते वहीतून. राजवाड्यांचं सामान बघणारं खातं होतं, 'गार्द-मब्ल'. आपल्या भाषेत सरळ फरासखाना. तिथे काय आलं, कुणी दिलं, कुठल्या दालनात गेलं, याच्या नोंदी व्हायच्या. त्यामुळेच आपल्याला ठाऊक आहे की लुई पंधराव्याची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्यासाठी १७७२ मध्ये पित्वाँ नावाच्या कारागिराने हरण आणि रानडुकराची जोडी दिली, आणि फोंतेनब्लोच्या राजवाड्यात राणी मारी आंत्वानेतच्या तुर्की थाटाच्या खोलीसाठी १७७७ मध्ये गूतिएरने उंट बसवलेली जोडी केली. दोन्ही लुव्हरमध्ये आहेत, ताईंना मेट्रोने जाता येईल. तिथे गेलात तर रानडुकराच्या केसांकडे बघा: ओतून केस येत नाहीत, छिन्नीने एकेक ओढावा लागतो. मग घरी येऊन आपल्या बाळाच्या कुरळ्या केसांकडे बघा. फरक दोन मिनिटांत कळेल. गूतिएरचं पुढे काय झालं म्हणाल, तर द्यु बारीबाईंकडची त्याची मोठी उधारी थकली, बाईंचं १७९३ मध्ये क्रांतीत डोकं उडालं आणि तो गरिबीत मेला. फरासखान्याची इमारतही उभी आहे, प्लास द ला काँकॉर्दवरचं 'ओतेल द ला मारीन'. २०२१ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे या वस्तू काचेच्या कपाटात नाहीत, खोल्या वापरात असल्यासारख्या लावल्या आहेत, म्हणून मी लुव्हरच्या आधी तिकडे पाठवते.

म्हणजे ताई, तुमची जोडी लुई पंधराव्याच्या काळची नाही. १८७० ते १९०० च्या मधली असावी, पॅरिसच्या एखाद्या बऱ्या कारखान्याची. विक्रेता खोटं बोलला का? तसंही नाही. फ्रेंच बाजारात दोन शब्द जपून ऐकायचे: 'एपोक लुई केंझ' म्हणजे त्या काळातली, 'स्तील लुई केंझ' म्हणजे त्या धाटणीची. नुसतं 'लुई केंझ' म्हटलं की ऐकणाऱ्याने आपल्याला हवं ते ऐकावं. पुढच्या वेळी पावतीवर 'एपोक' लिहून मागा. हात कसा थबकतो ते बघा. बाकी घेतलीत ती वस्तू वाईट नाही. बाळांच्या बोटांवर काम झालेलं आहे, जोडी एकमेकांकडे वळलेली आहे (एकाच बाजूला बघणारी दोन शने म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांतली उरलेली असतात), आणि शेकणारं बाळ ही हिवाळ्याची जुनी, गोड कल्पना आहे. मी असते तर घेतली असती, मात्र घासाघीस करून.

साफसफाई. आधी कोरडा मऊ कुंचला, चित्रकाराचा रुंद, आणि शेजारी व्हॅक्यूमची नळी धरून धूळ तिच्यात ढकलायची. मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, कापसाची काडी ओलसर करून, चोळायचं नाही, नुसतं फिरवायचं. काडी काळी झाली की टाकून नवी. साध्या पाण्याची काडी फिरवून लगेच मऊ कापडाने टिपा. बुडवायचं नाही, सांध्यांत पाणी शिरलं की आतले लोखंडी स्क्रू गंजतात. अमोनिया असलेला काचेचा फवारा घरात असेल तर त्या खोलीतूनच बाहेर ठेवा. तांब्याच्या मिश्रधातूशी त्याचं वैर आहे. एवढं करून जे काळं उरेल ते राहू दे. तो बहुतेक सोन्याच्या बारीक छिद्रांतून वर आलेला तांब्याचा काळेपणा आहे, आणि तो काढायचा तर कामाच्या टेबलावर भिंगाखाली, घरच्या सिंकमध्ये नाही.

हरवलेल्या सळईचं सांगते. मुळात सळया सर्रास काढून टाकल्या गेल्या, कारण लाकूड जळेनासं झाल्यावर जोडी नुसती शोभेची उरली. तुमच्याकडे एक शिल्लक आहे, तीच नमुना म्हणून लोहाराला द्या. साध्या लोखंडाची, त्याच जाडीची, मागे खाली वळलेला एक पाय. शने त्याच्याकडे नेऊ नका, फक्त सळई आणि भोकाचं माप न्या. ती बसवायला शनेच्या पाठीवर मूळ चौकोनी खाच असेलच, काजळीने भरली असेल तर लाकडी टूथपिकने मोकळी करा. नवं भोक पाडायची पाळी आली तर थांबा आणि आधी मला फोटो पाठवा.